धडाच्या मागची मुलगी

माणसाचं पोट मी जितक्या वेळा उघडलं, तितक्या वेळा आमच्या तालुक्यातल्या कुठल्या डॉक्टरनेही उघडलं नसेल. शाळेच्या पटांगणात, हायस्कुलाच्या मांडवात, पाहुण्यांसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात. रक्ताचा थेंब न सांडता आतडी बाहेर काढायची, सगळ्यांना दाखवायची आणि परत जागच्या जागी बसवायची. नव्वदच्या दशकात मुरबाड आणि शहापूरकडची विज्ञान प्रदर्शनं ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्यातल्या कुणाला तरी मी अजून आठवत असेन. नाव आठवणार नाही, कारण नाव कुणी विचारलंच नव्हतं. 'ती आश्रमशाळेची पोरगी' एवढीच माझी ओळख होती.

आमची आश्रमशाळा मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पाडा वर डोंगरात. भाताची झोडणी आटोपली की आमची माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. मी शाळेच्या वसतिगृहात राहिले ते अभ्यासाच्या ओढीने वगैरे नाही. शाळेत दोन वेळा भात मिळायचा आणि विटा थापाव्या लागायच्या नाहीत.

ओढ लागली ती नववीत, आणि ती नर्सबाईंमुळे. उपकेंद्राच्या नर्सबाई महिन्यातून एकदा पाड्यावर यायच्या. माझा बाप गावच्या पाटलापुढेही मान वर करून बोलायचा, पण नर्सबाई "तोंड उघडा" म्हणाल्या की लहान पोरासारखा आ करायचा. बाया त्यांना आपल्या पोटातलं दुखणं सांगायच्या, जे नवऱ्यालाही सांगत नसत. मला ते हवं झालं. चौकशी केली तेव्हा कळलं की दहावी पास झालं की ठाण्याला नर्सिंगचं शिक्षण घेता येतं आणि आमच्यासारख्या मुलींसाठी तिथे जागा राखून ठेवलेल्या असतात. दहावी पास. त्यापलीकडे मला कुणाकडून काही नको होतं.

त्याच वर्षी शाळेत धड आलं.

वरून साहित्य यायचं तेव्हा पेटीत काय आहे ते पेटी उघडल्यावरच कळायचं. एका वर्षी हार्मोनियम आला होता, वाजवणारं कुणी नव्हतं. या वेळी कमरेपर्यंतचा प्लास्टिकचा माणूस निघाला. छातीचं आणि पोटाचं झाकण काढलं की आत सगळे अवयव, एकेक सुटा होणारा. फुफ्फुसं, दोन तुकड्यांत उघडणारं हृदय, तपकिरी यकृत, आतड्यांचं वेटोळं. डोकं मात्र वाटेत कुठेतरी मोडून गेलं होतं. डावं मूत्रपिंडही नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी आंब्याची कोय घासून, तांबडा रंग लावून ती तिथे बसवली. पुढे कितीतरी परीक्षकांनी ती कोय हातात घेऊन "वा, छान" म्हटलं.

पहिल्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "आतडी कोण काढून दाखवतं?" पोरं एकमेकांत तोंडं लपवून हसायला लागली. मी उठले आणि काढली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. देवाला बकरं कापलं की ओढ्यावर आतडी धुवायचं काम आम्हा पोरींचंच असायचं. ही तर कोरडी होती आणि वासही मारत नव्हती. कुठे काय असतं ते मला निम्मं ठाऊकच होतं, फक्त पुस्तकी नावं शिकायची होती. ती मी आठवड्याभरात शिकले.

सर घाटावरचे. हुशार होते, हे नाकारून चालणार नाही. आपल्याला काय मिळालंय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि मी धडाबद्दल बोलत नाही. त्यांनी धड टेबलावर ठेवलं, तोंड लोकांकडे, आणि मला मागे स्टुलावर उभं केलं. माझी हनुवटी बरोबर त्या मोडक्या मानेवर आली. मधली फट झाकायला पांढरं उपरणं गुंडाळलं. बघणाऱ्याला वाटावं की पोरीनं स्वतःचीच छाती उघडून ठेवली आहे. मग मी दोन्ही बाजूंनी हात पुढे घालायचे आणि न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून एकेक अवयव काढायचे.

"हे माझे हृदय. हे माझे यकृत. हे माझे जठर."

'माझे' म्हणायचं हे सरांनी शिकवलं. 'मानवी' म्हटलं तर लोक जांभया देतात, म्हणाले. खरं होतं ते. 'माझे' म्हटलं की मांडवात शांतता व्हायची, बायका तोंडाला पदर लावायच्या आणि पहिल्या रांगेतले साहेब खुर्चीत पुढे सरकायचे. शेवटी सर माझ्या डोळ्यांना रुमाल बांधत आणि मी सगळं परत बसवून दाखवी. टाळ्या थांबायच्या नाहीत. एक साहेब दुसऱ्याला म्हणाले होते, "बघा, यांच्यातसुद्धा किती टॅलेंट असतं." ते 'सुद्धा' मी त्या वयातही ऐकलं होतं.

मी खोटं बोलणार नाही, मला मजा यायची. पोरीला टाळ्या कोण वाजवतं? आमच्याकडे तर बारशालाही नाही. प्रदर्शनाच्या दिवशी नवा गणवेश मिळायचा, लाल रिबिनी मिळायच्या आणि एसटीने जायला मिळायचं. एकदा शहापूरला जाताना धड सतरंजीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची म्हातारी सतरंजीतून डोकावणारा खांदा बघून उठलीच. कंडक्टर आला आणि दोन पावलं मागे सरकला.

"काय हाय त्यात? मढं हाय काय?"

"शैक्षणिक साहित्य आहे," सर म्हणाले.

"शैक्षणिक असू द्या नायतर कायबी असू द्या, टपावर टाका. माणसं घाबरतात."

सरांनी त्याला सरकारी पत्र दाखवलं. धड माझ्या मांडीवरच राहिलं आणि किन्हवलीपर्यंत आमच्या बाजूच्या सीटवर कुणी बसलं नाही. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. सर वाईट माणूस होते असं मला म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. ते वाईट नव्हते. त्यांना पुढे जायचं होतं, आणि पुढे जाताना पायाखाली काय येतं ते बघायची त्यांना सवय नव्हती.

दहावीच्या वर्षी सगळा हिवाळा प्रदर्शनांत गेला. आधी केंद्राचं, म्हणजे आसपासच्या शाळांचं, मग तालुक्याचं, मग शहापूरच्या पाहुण्यांपुढे, मग आणखी कुणी मोठे येणार म्हणून पुन्हा. वर्गात वीज शिकवली तेव्हा मी मुरबाडला होते. आरसे आणि भिंगं शिकवली तेव्हा मी शहापूरला होते. रसायनांची समीकरणं कधी झाली हे मला आजही माहीत नाही. मी सरांना विचारलं की माझे धडे कधी घेणार. "परतल्यावर घेतो गं, तू कशाला काळजी करतेस," ते म्हणाले. परतल्यावर ते प्रदर्शनाचा अहवाल लिहायला बसायचे.

"मग शरीराचा धडा तरी वाचू का?"

"तो तू वाचायचा? हातच्या काकणाला आरसा कशाला? तो तर तुझ्या बोटांत आहे."

मला ते पटलं. उरलेल्या रात्री मी विजेच्या धड्याशी झोंबत बसले. शरीराची पानं उघडलीच नाहीत. जे आपलं आहे ते कशाला वाचायचं?

विज्ञानाच्या पेपरात पचनसंस्थेची नामनिर्देशित आकृती आली. बाकीच्या प्रश्नांनी माझा जीव अर्धा केला होता, पण तो प्रश्न बघितला आणि मला हसू आलं. डोळे मिटले. स्टुलावर उभी राहिले, म्हणजे मनातल्या मनात, हात पुढे घातले. उजव्या हाताला यकृत. डाव्या हाताला जठर. तसंच कागदावर उतरवलं, अगदी सावकाश, शिसपेनला दोनदा टोक करून. उजवीकडे यकृत काढलं, डावीकडे जठर काढलं. एवढी देखणी आकृती मी आयुष्यात काढली नव्हती.

संध्याकाळी सर वसतिगृहाच्या ओट्यावर आले आणि विचारलं, "आकृती कुठली आली?" मी खडू घेतला आणि फरशीवर भराभर काढून दाखवली. सर उभे राहून बघत होते. मग त्यांनी चपलेने ती पुसली आणि म्हणाले, "ठीक आहे. जेवून घे."

मी पळत जाऊन पुस्तक काढलं. पुस्तकातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याचं यकृत पानाच्या डाव्या बाजूला होतं.

सगळ्या जगाने ते धड समोरून बघितलं होतं. मी एकटीच मागून शिकले होते. माझ्या उजव्या बाजूला खरंच यकृत आहे, आजही आहे, हात ठेवून दाखवते. पण कागदावर ते उलटं दिसतं, कारण कागदावर आपण दुसऱ्याला बघतो. हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? पुढे उभं राहून बघ, असं कुणी म्हटलं असतं तर मला पुढे यावं लागलं असतं, आणि मग मानेवर डोकं कुणाचं ठेवणार?

निकाल लागला. मराठीत गुण चांगले होते, इतिहासात होते, गणितातही काठावर सुटले होते. विज्ञानात नापास. नुसत्या आकृतीमुळे मी नापास झाले असं मी म्हणत नाही. विजेने मारलं, भिंगांनी मारलं. पण पास व्हायला जेवढे कमी पडले होते, तेवढे त्या एका आकृतीत नक्की मिळाले असते. जिल्ह्यात नाव काढलेली विज्ञानातली पोरगी विज्ञानात नापास झाली. प्रदर्शनात मिळालेली ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात होती, तिला कुणी गुण विचारले नाहीत.

नापास झालेल्या पोरीला आश्रमशाळेत जागा नसते. मी बोचकं बांधत होते तेव्हा सर आले. म्हणाले, थांब थोडे दिवस. त्यांचं नाव आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी गेलं होतं आणि समिती प्रत्यक्ष काम बघायला येणार होती. नापास मुलीला उभं करता येणार नव्हतं हे त्यांनी सांगितलं नाही, नववीतली एक मुलगी तयार करून दे एवढंच म्हणाले. बदल्यात ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म ते स्वतः भरणार होते आणि मधल्या दिवसांत विजेचा धडा पुरा करून घेणार होते.

मी थांबले. दिवसा स्वयंपाकघरात तांदूळ निवडायचे आणि दुपारी त्या मुलीला शिकवायचे. बारीक, काळीसावळी, बोलताना खाली बघणारी पोरगी. तिच्या पाड्यावरची शाळेत टिकलेली ती एकटीच. पहिल्याच दिवशी ती आपणहून स्टुलावर जाऊन धडाच्या मागे उभी राहिली. सरांनी सांगितलंच होतं तसं.

माझं डोकं फिरलं. मी तिला दंडाला धरून खाली ओढली.

"हितं पुढं बस. मागं जायाचं नाय."

"पन सर म्हनलं..."

"सर म्हनू दे. वही काढ. दिसतं तसं काढ आधी. कालजी करू नको, सरांना मी सांगते."

रोज ती धडापुढे मांडी घालून बसायची आणि आकृत्या काढायची. चुकली की मी टपली मारायची. यकृत कुठल्या बाजूला, असं मी विचारायचे, ती बोट दाखवायची, मग मी तिला तिच्या अंगावर हात ठेवायला लावायचे, मग कागदावर. वीज शिकवायला वर्गात सर आले की मी तिला हाकलायचे, "पळ, धड काय पळून जात नाय." हे मी मोठ्या मनाने केलं असं कुणी समजू नये. मला सरांचा खेळ मोडायचा होता. समिती आली तेव्हा तिला मागून काही सापडू नये, तिची बोटं अडखळावीत, एखादं फुफ्फुस खाली पडावं, हे मला मनापासून हवं होतं.

तसंच झालं. समितीपुढे तिच्या हातून जठर निसटलं आणि टेबलाखाली गडगडत गेलं. ती रडायला लागली. समितीतल्या एका बाईंनी तिला जवळ घेतलं, बिस्कीट दिलं आणि सरांना म्हणाल्या, "किती निरागस मुलांमध्ये काम करता तुम्ही." सरांना पुरस्कार मिळाला. नशीब एकदा बाजूने झुकलं की पडलेलं जठरसुद्धा कामाला येतं.

पुरस्कारानंतर सरांची बदली शहापूरजवळच्या चांगल्या शाळेत झाली. जाण्याआधी मी फॉर्मचं विचारलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरेरे, तारीख गेली बघ. धावपळीत राहूनच गेलं. तू असं कर, मार्चला बस, काय?" गरज सरो, वैद्य मरो, असं आमच्याकडे म्हणतात. मला राग आला तो ते विसरले म्हणून नाही. ते खरोखर विसरले होते, मुद्दाम काही केलं नव्हतं, याचा मला राग आला. मुद्दाम करायला तरी माणसाला आपली आठवण लागते.

मार्चमध्ये मी भट्टीवर होते. आय म्हणाली, "आता काय शालंत जातीस गो? चिखल कालव." मी कालवला. पुढच्या मार्चमध्येही तिथेच होते. त्यानंतर किन्हवलीच्या बाजूला लग्न झालं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, तसं माझंही बदललं. मला त्याचं दुःख झालं नाही. जुन्या नावाने नापासाची मार्कशीट होती, ती तरी सुटली.

खूप वर्षं गेली. दोन पोरं झाली, एक जगलं. दुसऱ्याच्या वेळी उपकेंद्राला कुलूप होतं, ते सगळं मी इथे लिहीत नाही. पुढे, दोन हजार सालानंतर, सासरजवळच्या आरोग्य केंद्रात मला अर्धवेळ काम मिळालं. झाडलोट, पाणी तापवणं, बाळंतपणाची खोली धुणं. माझ्यासारखीला तिथे सगळे मावशी म्हणतात, वय काहीही असो. शेवटी मी दवाखान्यात पोचलेच, फक्त हातात फडकं होतं.

त्या केंद्रात नर्स म्हणून बदली होऊन ती आली.

मी तिला पहिल्या दिवशीच ओळखलं. अंग भरलं होतं, पांढरी साडी चापून नेसली होती, पण बोलताना खाली बघायची सवय तीच. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? भट्टीच्या धगीने माझा चेहरा करपला होता, पुढचे दात गेले होते, नाव दुसरं होतं. आणि मावशीच्या तोंडाकडे कोण बघतं? माझ्यापेक्षा ती लहान. मला म्हणाली, "मावशी, पाणी तापलं का?"

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. मला आनंद झाला नाही. माझी आग आग झाली. तिच्या अंगावरची साडी माझी होती. तिची खुर्ची माझी होती. बाया तिच्या कानाशी लागून पोटातलं दुखणं सांगायच्या आणि मी शेजारून केर काढत जायचे. कितीतरी दिवस मी तिच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलले नाही. तिने कधी आवाज चढवला नाही, म्हणून भांडताही आलं नाही.

एका दुपारी रुग्ण संपले होते. भिंतीवर शरीराचा तक्ता होता, मी त्याच्यावरची धूळ पुसत होते. ती टेबलापाशी डबा खात होती. चपातीचा तुकडा तोडता तोडता आपणहून बोलायला लागली.

"मावशी, ह्या तक्त्याला हात लावला ना, की मला आमची आश्रमशाळा आठवते. तिथं एक ताई होती. लय तापट. सरांनी मला धडाच्या मागं उभं केलेलं, तिनं दंडाला धरून पुढं आनून बसवलं. रोज टपल्या मारायची. पन तिच्यामुलं मी पास झाले बघा. आमच्या बॅचच्या किती पोरी विज्ञानात लटकल्या."

माझा हात तक्त्यावरच राहिला. "मग कुठं आसते ती आता?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"ठाण्याला आसंल कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलात. मेट्रन झाली आसंल. एवढी हुशार बाई, ती काय हितं सडत बसंल?" आणि ती हसली. "एकदा भेटली पायजे. पाया पडंन तिच्या."

मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. सांगितलं असतं तर ती उठली असती, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं असतं, रडली असती, ताई म्हणाली असती. आणि दुसऱ्या दिवशी बाळंतपणाची खोली कुणी धुतली असती? शिवाय या दोन तालुक्यांत एवढं एकच डोकं होतं, ज्यात मी दहावी पास झाले होते, ठाण्याला गेले होते आणि कुणाच्या बापाला आ करायला लावत होते. ते मी माझ्या हाताने पुसून टाकू?

"आसंल," मी म्हटलं, आणि बादलीतलं पाणी बदलायला मागच्या दाराने बाहेर गेले.